दोष गावाच्या माथी मारू नका

मराठवाड्यातल्या खेड्यांत मानसिक आजाराची एवढी लाज का, या प्रश्नाला एक तयार उत्तर वर्षानुवर्षं दिलं जातं: लोक अडाणी आहेत. डोक्यावर परिणाम झालेल्या पोराला ते दवाखान्यात नेत नाहीत, देवऋषाकडे नेतात. अंगारा लावतात, उतारा टाकतात, बाहेरचं झालंय म्हणतात आणि काहीच चालेना झालं की गोठ्यात बांधून ठेवतात. तेव्हा त्यांना जागं करा, शिबिरं घ्या, फलक लावा, पथनाट्यं करा. अज्ञान गेलं की कलंकही जाईल. शहरातल्या व्याख्यानांत हे ऐकू येतं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येतं, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात बदली होऊन आलेले अधिकारीही बोलून दाखवतात.

मला हे उत्तर मान्य नाही. धाराशिव जिल्ह्यातलं एखादं घर आपल्या माणसाचा स्किझोफ्रेनिया लपवतं, कारण तो उघड झाला तर काय काय हातचं जाईल हे त्या घराला नेमकं ठाऊक असतं. आणि उघड करून पदरात काय पडेल, तर जवळजवळ काहीच नाही, हेही ठाऊक असतं. हा व्यवहार ज्यांनी असा करून ठेवला, त्यांच्याकडे बोट जायला हवं. अडाणीपणाच्या उत्तराने ते बोट गावाकडे वळतं आणि कायदे करणारे, औषधं न पाठवणारे, बातम्या लिहिणारे, सोयरिकी मोडणारे असे सगळे मोकळे सुटतात.

जे नाकारायचं नाही ते आधी सांगतो. साखळदंड खोटे नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एर्वाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्याला पहाटे आग लागली आणि साखळीने बांधून ठेवलेल्या २८ माणसांचा जीव गेला. त्यांना पळताच आलं नाही. आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची काढून वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, हे सगळं तिथे अगदी सुरुवातीलाच गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. ही यादी कोणी टेबलावर बसून रचलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, त्यातून ती आली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाल्यावरच सरकारला वटहुकूम काढायला सुचलं. भानामतीचा धाक तर आमच्याच पट्ट्यातला. माणसाला चटके देणाऱ्या मांत्रिकाला तुरुंगात घातलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही.

पण चटके देणारा मांत्रिक आणि त्याच्या दारात उभं राहिलेलं घर, या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. कळंब किंवा वाशी तालुक्यातलं असं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा विशीतला, कॉलेजात जाणारा. काही महिन्यांपासून तो खोलीत बसून राहतो, जेवायला बाहेर येत नाही, आंघोळ टाळतो. मग म्हणायला लागतो की पलीकडच्या आळीतले लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत, टीव्हीवरचा माणूस आपल्यालाच उद्देशून बोलतोय. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात, तो त्यांना उत्तरं देतो. एका रात्री तो घरातून निघून जातो आणि दोन कोसांवरच्या रस्त्यावर सापडतो. त्या रात्री बाप कुठे जाईल? देवऋषी गावातच आहे, रात्री दार उघडतो, घराण्याला ओळखतो, नारळ आणि थोड्या पैशांत भागवतो. आणि तो सांगतो की हे बाहेरचं आहे, निघून जाईल.

या निदानाची ताकद शहरातल्या व्याख्यात्याला कधी कळलीच नाही. बाहेरचं म्हणजे पोराच्या रक्तात काही खोट नाही, आईच्या कुळात नाही, बापाच्या कुळात नाही. आलं तसं जाणार. पोरगं पुन्हा पोरगं होणार आणि धाकट्या बहिणीची सोयरीक अडणार नाही. त्याच्यासमोर डॉक्टरचं निदान ठेवून पाहा: स्किझोफ्रेनिया, गोळ्या बरीच वर्षं, कदाचित जन्मभर. ते निदान त्या मुलापुरतं राहत नाही. ते सगळ्या भावकीला चिकटतं. मी बाप असतो तर त्या रात्री मलाही पहिलंच निदान खरं ठरावंसं वाटलं असतं. यात अज्ञान शोधणाऱ्याने त्या घरात एक रात्र काढावी. शिवाय हेच घर त्याच आठवड्यात सोलापूरच्या किंवा लातूरच्या डॉक्टरची चौकशीही करत असतं. दोन्ही दारं एकदम ठोठावली जातात. मग ज्या दारापर्यंत पोहोचता येतं, ते दार टिकतं.

आता पोहोचण्याचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाने जगात दर ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. २०११ च्या जनगणनेत आमच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या घरात होती. तोच अंदाज इथे धरला तर साडेपाच हजार माणसं होतात, म्हणजे गावागणिक काही माणसं. ही नेमकी मोजणी नव्हे, आणि नेमकी मोजणी हाती नाही, हेही या दुर्लक्षातच जमा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. जिथे मोजलं गेलं तिथे तीव्र मानसिक आजार असलेल्या चौघांपैकी सुमारे तिघं उपचारांविना सापडले.

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. निजामाच्या राज्यात असं रुग्णालय जालन्याला होतं. ते १९५३ साली हैदराबादेत एर्रगड्ड्याला हलवण्यात आलं आणि मराठवाडा पुढे मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात आला तरी ती जागा भरून निघाली नाही. अलीकडे जालन्यालाच नवं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालं आहे. ते व्हावं. पण उमरग्याच्या माणसाला जालना हे सोलापूरपेक्षा कितीतरी लांब पडतं, आणि या आजारात एकदा नेऊन भरती केलं की संपलं असं होत नाही. महिन्याच्या महिन्याला गोळ्या लागतात. रुग्णासोबत घरातला एक माणूस जातो, दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि पोहोचल्यावर औषध संपलंय, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं जातं. असं दोनदा झालं की गोळी सुटते. गोळी सुटली की काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत आवाज परत येतात. मग गाव म्हणतं, बघा, डॉक्टरलाही जमलं नाही. गावाने हे मनाने रचलेलं नसतं. गावाने जे पाहिलं तेच ते बोलत असतं.

खरं तर पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये रुग्णांना दिलं जाऊ लागलं. म्हणजे या आजारावर औषध सापडून सात दशकं उलटली. त्यानंतर हॅलोपेरिडॉल आलं, क्लोझापिन आलं, रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन आलं. रोज गोळी घेणं जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. ही औषधं सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. वजन वाढतं, हात थरथरतात, झोप येत राहते, आणि काहींचा आजार औषधाला दाद देत नाही. ते लपवून आशा विकणं मला पटत नाही. तरीही लवकर सुरू झालेल्या आणि न तुटलेल्या उपचारांनी फार माणसं पुन्हा शेतात, दुकानात, नोकरीत उभी राहतात. आजार बरा होतच नाही ही समजूत, ज्यांनी अर्ध्यावर तुटलेले उपचारच पाहिले, त्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

दुसरी समजूत भीतीची. ही माणसं कधी अंगावर येतील याचा नेम नाही, असं म्हणतात. यात खरं किती? २००९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या २० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत हिंसेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं, पण त्यातला मोठा वाटा दारू आणि नशेचा होता. आजाराच्या जोडीला नशा असलेल्यांची जोखीम, नशा करणाऱ्या पण हा आजार नसलेल्या माणसांइतकीच निघाली. बहुसंख्य रुग्ण कधीही कोणावर हात उचलत नाहीत. मार खातात ते तेच, चोर समजून, मुलं पळवणारी टोळी समजून. तरीही एखादा हल्ला झाला की डॉक्टरने तपासण्याआधीच बातमीत माथेफिरू उभा राहतो. मथळा देणारा हा माणूस शिकलेला असतो, शहरात बसलेला असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २४ व्या कलमानुसार उपचार घेणाऱ्या माणसाचं छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करता येत नाही. हे कलम आधी किती वार्तालयांत वाचलं गेलं आहे, ते पाहावं.

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. कलंक घालवण्यासाठी झटणारे डॉक्टर आणि संस्था तळमळीने सांगतात की हा मधुमेहासारखाच एक आजार आहे, मेंदूतल्या रसायनांचा. हेतू निर्मळ आहे. पण या घोषणेवर सगळी भिस्त ठेवून अमेरिकेत काय झालं ते तपासलेलं आहे. १९९६ आणि २००६ अशा दोन वेळी तिथल्या लोकांना विचारलं गेलं. स्किझोफ्रेनियाचं मूळ मेंदूत आहे असं मानणारे या दहा वर्षांत ७६ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. तरीही अशा माणसाच्या शेजारी राहायला, त्याच्यासोबत काम करायला, त्याच्याशी सोयरीक करायला नकार देणारे काही कमी झाले नाहीत. शास्त्र पटलं आणि दार बंदच राहिलं. मेंदूतच बिघाड म्हणजे कायमचा बिघाड, असाही अर्थ लोक काढतात. आमच्याकडे त्याला रक्ताची जोड मिळते. माहिती द्यायलाच हवी, पण माहितीने कलंक आपोआप पुसला जातो ही समजूत आता सोडून द्यावी.

मग कलंक नेमका कुठे बसलेला असतो? याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि परिवर्तन संस्था त्यात होते. या लोकांना भेदभावाबद्दल विचारलं तेव्हा ४२ टक्क्यांनी प्रत्यक्ष वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. पण आपण इतरांपासून तुटलो आहोत, वेगळे पडलो आहोत, असं वाटणारे ७९ टक्के होते, आणि बरेच लोक आजार लपवायची धडपड करत होते. माझ्या मते या आकड्यांवर धाराशिवमधल्या प्रत्येक आरोग्य बैठकीत चर्चा व्हायला हवी. गाव दगड मारत नसतानाही माणूस आधीच घरात लपलेला असतो. कोणत्या गोष्टींवर घाव बसतो, याचीही उत्तरं मिळाली: लग्न आणि काम. आमच्या कोणत्याही पारावर विचारलं असतं तरी हेच कळलं असतं.

लग्नाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पाव्हणे स्थळ बघायला येतात तेव्हा जमीन किती, पाणी किती, पोरगा काय करतो हे समोर विचारतात, आणि घरात काही दुखणंबिखणं आहे का, हे मागच्या आळीत विचारतात. थोरल्याला वेडाचे झटके येतात एवढी कुजबुज कानावर गेली की दोन्ही धाकट्या बहिणींची स्थळं परततात. म्हणून थोरल्याला दवाखान्यात न्यायचंच असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात नेलं जातं, कागद घरात ठेवले जात नाहीत, गोळ्यांची पाकिटं जाळली जातात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली आणि त्यावर काही सवलती, काही अनुदान मिळू शकतं. पण त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेत ओळखीचा माणूस हमखास भेटतो. घर विचार करतं: महिन्याचे थोडे पैसे, की दोन पोरींची लग्नं? आणि पैसे सोडून देतं. याला अडाणीपणा म्हणायची माझी हिंमत होत नाही.

मुलीच्या बाबतीत हे आणखी क्रूर होतं. तिला आजार असला तर लग्न झालं की सुधारेल, असं सांगणारे नातेवाईक असतात. लग्नाआधी गोळ्या बंद केल्या जातात, सासरी कळायला नको म्हणून. जागरणं, नवं घर, नवी माणसं, बंद पडलेलं औषध, आणि काही महिन्यांत आजार उसळतो. फसवणूक झाली म्हणून सासरचे तिला माहेरी आणून सोडतात. त्यांचाही राग समजण्यासारखा असतो, त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं. सांगितलं असतं तर लग्नच झालं नसतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

इथे देशाचा कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि घटस्फोटाच्या कारणांमध्ये मानसिक विकाराचा अर्थ सांगताना स्किझोफ्रेनिया हा एक आजार नाव घेऊन लिहिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं की केवळ निदान पुरेसं नाही, आजाराची तीव्रता इतकी असली पाहिजे की एकत्र राहणं अशक्य व्हावं. २०१३ मध्येही न्यायालयाने एका नवऱ्याला या कारणावरून घटस्फोट नाकारला. त्या खटल्यातली पत्नी स्वतः डॉक्टर होती, आजाराचं निदान झाल्यावरही शिकत होती आणि सरकारी नोकरी करत होती. हे निकाल माणुसकीचे आहेत. पण तालुक्याच्या कोर्टात अर्ज लिहिणारा वकील कायद्याचं पान उघडतो तेव्हा तो शब्द तिथेच असतो. आणि मला जे सर्वांत जास्त सलतं ते असं की, २०१९ साली संसदेने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकलं, कारण कुष्ठरोग बरा होतो हे मान्य झालं. स्किझोफ्रेनिया मात्र जिथल्या तिथे ठेवला. गावाला कलंक विसरायला सांगणाऱ्या देशाने तो स्वतःच्या कायद्यात छापून ठेवला आहे.

शिक्षण वाढलं की कलंक घटतो, असं मानणाऱ्यांनी शहरांकडेही पाहावं. पुण्या-मुंबईतल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही हा आजार कपाटातच असतो. विमा कंपन्या मानसिक आजार सरळ वगळत असत. २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला लावलं, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाला तसं परिपत्रक काढावं लागलं. ती वगळणारी कलमं खेड्यातल्या कोणा देवऋषाने लिहिली नव्हती. धुळे जिल्ह्यातून जाऊन कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट वाणींच्याच पुढाकारामुळे झाला. अतुल कुलकर्णींनी त्यात हा आजार असलेल्या माणसाची भूमिका केली आणि कित्येक मराठी घरांना आपला भाऊ प्रथमच पडद्यावर दिसला. वाणींचं मोठेपण मी मानतो. त्याच वेळी हेही दिसतं की ते बोलू शकले तेव्हा त्यांच्यापाशी स्थिर नोकरी होती आणि उपचार हाताशी होते. कोरडवाहू तीन एकरांवर जगणाऱ्या माणसाने तेवढंच धाडस करावं, असं म्हणण्याआधी त्याच्या पायाखाली काय आहे तेही पाहायला हवं.

गावं अशा माणसांना टाकून देतात, या आरोपाला तर कर्जतच्या कामातच उत्तर मिळालेलं आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या तिथल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यांवर भटकणारी, घरदार विसरलेली हजारो आजारी माणसं उचलली, त्यांच्यावर उपचार केले आणि पत्ता आठवल्यावर त्यांना घरी पोहोचवलं. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. ही घरं बहुतेक खेड्यांतली, बहुतेक गरीब. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला मुलगा दारात उभा राहिला तेव्हा फार ठिकाणी आईबापांनी, भावांनी त्याला आत घेतलं. त्यांनी आधी शोध घेतला होता, थकून थांबले होते. उपचार झालेला माणूस दारात आला आणि गावाला तो हवा होता.

कलंक घटतो कसा, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे, आणि तो कुष्ठरोगाचा. बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. या माणसांनी समाजाला स्वतःची लाज वाटावी असं काम केलं. तरीही खेडोपाडी कुष्ठरोग्याला घरातच ठेवणं शक्य झालं ते १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यावर. गोळ्यांची पाकिटं फुकट, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि आरोग्य कर्मचारी दारापर्यंत. डाग लवकर सापडू लागला, बोटं झडण्याआधी उपचार सुरू होऊ लागले, आणि ज्याच्याकडे पाहून लोक घाबरत ते रूपच दिसेनासं होऊ लागलं. कलंक संपूर्ण गेला असं नाही म्हणता येणार, पण जेवढा गेला त्यात औषधाचा वाटा प्रवचनापेक्षा मोठा आहे. आधी मनं बदलू द्या, मग लोक सेवा मागतील, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम उलटा लावलेला आहे.

गावात मनोविकारतज्ज्ञ येणार नाही, हे मलाही कळतं. पण रोजच्या पाठपुराव्याला तज्ज्ञ लागत नाही. वर सांगितलेल्या सातारा-गोवा-कांचीपुरमच्या प्रयोगात थोडं शिकलेले स्थानिक कार्यकर्ते प्रशिक्षण घेऊन घरोघरी जात होते: गोळी चालू आहे का, झोप लागते का, कामाला सुरुवात झाली का. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा या जोडीने रुग्ण जास्त सुधारले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता. आणि आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून भारतवैद्य केलं. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारने बळीराजा चेतना अभियान प्रथम यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतच सुरू केलं, प्रेरणा प्रकल्प आला, आणि मनाच्या आजाराचा प्रश्न घरापर्यंत नेण्याची वाट खुली झाली. त्या वाटेने नैराश्याची चौकशी होते. आवाज ऐकणाऱ्या मुलाची चौकशी त्याच वाटेने का होऊ नये? गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर दुवा मागायला आलेल्यांना तिथेच औषधही मिळेल अशी सोय केली गेली. श्रद्धेशी भांडण न काढता उपचार सुरू होऊ शकतात, हे तिथे दिसलं. आमच्या जिल्ह्यातल्या यात्रांना लाखो माणसं येतात, तिथेही अशी सोय करता येईल.

आणि हे उपकार म्हणून मागायचं नाही. २०१७ च्या कायद्याचं १८ वं कलम सांगतं की आवश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, सर्व वेळ, फुकट मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवाच नसेल तर जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसला पाहिजे. औषध नाही म्हणून रिकाम्या हाती परतणाऱ्या रुग्णाच्या बापाला हे कलम मराठीत छापून द्या. जनजागृतीवर खर्च करायचाच तर तो इथे करा.

सर्वांत मोठी परीक्षा हंगामाची आहे. भूम, वाशी, परंडा, कळंब या तालुक्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या कामावर फेडायची असते. दोघांतल्या एकाला हा आजार असला तर गोळी चालू ठेवण्याचा प्रश्न पोटाचा होतो. कारखान्याच्या कोपीपासून दवाखाना कुठे, तिथे ओळख कोणाची, कागद कोणता? आजारी माणूस गावात म्हाताऱ्या आईजवळ मागे राहिला तर गोळी देणारं कोण? १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो आणि त्याच दिवसांत टोळ्या निघायच्या तयारीत असतात. त्या दिवशी सभागृहात भाषण ठेवू नका. ग्रामीण रुग्णालयांनी त्या आठवड्यात जाणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या रुग्णांची यादी आशा कार्यकर्तींकडून घ्यावी, पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या आणि उपचाराचा कागद हातात द्यावा, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला नावानिशी कळवावं, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक त्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापावा आणि मागे राहिलेल्यांच्या घरी आशाची महिन्याची फेरी ठरवून द्यावी. टोळ्या परतल्यावर, गाळप संपल्यावर, किती जणांची गोळी तुटली नाही याचा हिशेब जिल्हा परिषदेच्या सभेत मांडला जावा, आणि तो मांडायला आरोग्य अधिकाऱ्याला दरवर्षी बोलावलं जावं.